ज्यांच्या घरी पेढी नाही

बारावीचा निकाल लागला आणि मुलगी बीएमएसला किंवा बीबीएला जाते आहे असं कळलं, की नात्यागोत्यातून पहिला प्रश्न येतो, "का हो, टक्के कमी पडले का?" लगेच दुसरा, "ते करून पुढे काय?" आणि उत्तराची वाट न पाहता सल्ला: त्यापेक्षा सरळ बीकॉम करू दे, जोडीला सीए, नाहीतर चार वर्षं इंजिनिअरिंग करू दे आणि मग एमबीए. असा सल्ला देणाऱ्या कुणी या अभ्यासक्रमाचं एक पान तरी उलटून पाहिलेलं असतं, असा माझा अनुभव नाही.

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मी या मुलांना कॉस्टिंग शिकवते. त्यामुळे हे मत मला सतत ऐकावं लागतं; पालकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि कधीकधी स्टाफरूममधूनही. त्या मताला कमी लेखून मला उत्तर द्यायचं नाही, म्हणून ते आधी पूर्ण ताकदीने मांडते. धंदा शिकवून येत नाही, तो रक्तात असावा लागतो. धीरूभाई कुठल्या कॉलेजात धंदा शिकले होते? अठरा वर्षांचं पोर कुणाला मॅनेज करणार? त्याने आधी काहीतरी ठोस शिकावं, चार वर्षं नोकरी करावी आणि मग हवं तर एमबीए करावं. पदवीच्या पातळीवरचं मॅनेजमेंट म्हणजे तीन वर्षं स्लाइड बनवणं, फेस्ट भरवणं आणि टाय लावून फोटो काढणं. कॉलेजांना फी मिळते, मुलांच्या हाती काही लागत नाही.

यातलं पहिलंच वाक्य सगळ्यात जास्त पसरलेलं आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारंही. धंदा रक्तात असतो म्हणजे नेमकं काय असतं? मशीद बंदरला किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात ज्याच्या घराची पेढी आहे, त्या मुलाकडे नीट बघा. शाळा सुटली की तो दुकानात येऊन बसतो. कुणाला माल उधार द्यायचा आणि कुणाला रोखीशिवाय द्यायचा नाही, हे त्याच्या कानावर पडत असतं. दिवाळीसाठी माल कधी भरायचा, पडून राहिलेला माल कुठल्या भावाला काढून टाकायचा, चेक परत आला तर पहिला फोन कुणाला करायचा, हे तो रोज बघतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी काका त्याला वसुलीला पाठवतात आणि रिकाम्या हाताने परत आला तर कुठे चुकलं ते समजावतात. विसाव्या वर्षी तो मुलगा तयार असतो. त्याला दहा वर्षं रोज कुणीतरी शिकवलेलं असतं. फक्त त्या शिक्षणाची फी भरावी लागत नाही आणि मार्कशीट मिळत नाही, म्हणून आपण त्याला रक्त म्हणतो.

आता आपल्या घराकडे बघा. वडील बँकेत, महापालिकेत, कारखान्यात किंवा शाळेत. महिन्याच्या महिन्याला पगार खात्यात येतो, कर ऑफिसच कापून घेतं. त्या घरातल्या मुलाने बिल फाडताना कुणाला पाहिलेलं नसतं, मग ते बिल थकल्यावर काय करायचं हे त्याला कसं कळणार? कर्ज त्याला एकाच प्रकारचं माहीत असतं, घराचं, आणि तेही लवकरात लवकर फेडून मोकळं व्हायचं. धंद्यासाठी काढलेलं कर्ज कधी फायद्याचं आणि कधी घातक, हा प्रश्न त्याच्या जेवणाच्या ताटाशी कधी निघालेलाच नसतो. अशा मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझ्या रक्तात धंदा नाही? त्याला शिकवायला पेढी नव्हती, एवढीच गोष्ट आहे. ती पेढी त्याला कॉलेजात मिळू शकते. पदवीचा हा अभ्यासक्रम मुलांना काय देतो, याचं माझं उत्तर इथे सुरू होतं.

एक प्रसंग सांगते. वर्गात ब्रेक-इव्हन, म्हणजे किती विक्रीवर खर्च भरून निघतो याचा हिशेब, चालू होता. एका मुलीने विचारलं, "मॅडम, माझ्या आईचं पोळी-भाजी केंद्र आहे, त्याचं काढता येईल का?" तिने आकडे सांगितले, मी फळ्यावर मांडले. गाळ्याचं भाडं २२,०००, दोन मदतनीस बायकांचा पगार २८,०००, वीज ४,०००. म्हणजे डबा एक जावो की शंभर, महिन्याला ५४,००० जाणारच. एका डब्याचे महिन्याला २,८०० रुपये येतात. त्यातले १,९०० कणीक, भाजी, तेल, गॅस आणि डबा पोचवण्यात जातात. उरतात ९००. ५४,०००ला ९००ने भागलं, ६० डबे आले. आईकडे तेव्हा ७० डबे होते. म्हणजे साठ डब्यांवर नुसता खर्च भागत होता आणि तिच्या हातात पडत होते वरच्या दहा डब्यांचे ९,००० रुपये.

मग त्या मुलीने खरा प्रश्न विचारला. समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसरं केंद्र निघालं होतं आणि आई दहा टक्के सूट द्यायच्या विचारात होती. वर्गातल्या बहुतेकांना ते योग्यच वाटलं. दहाच तर टक्के. पुन्हा गणित केलं. २,८००मधून २८० गेले की डब्यामागे ९००ऐवजी ६२० उरतात. ५४,००० भागवायला आता ६० नव्हे, ८८ डबे लागतात. ७० डबे तसेच राहिले तर ९,००० मिळण्याऐवजी महिन्याला १०,६०० खिशातून घालावे लागतील. वर्ग गप्प झाला. ती मुलगी घरी गेली, आईला वहीतलं गणित दाखवलं. आईने दर तोच ठेवला आणि रविवारच्या डब्यात एक गोड पदार्थ द्यायला सुरुवात केली.

या मुलीला तीन वर्षांत काही मिळालं नाही, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने तिच्या आईसमोर उभं राहून म्हणावं. हिशेब अवघड नाही, सातवीतल्या मुलालाही भागाकार येतो. पण खर्चाचे दोन भाग करायचे, एक ठरलेला आणि एक डब्याबरोबर वाढणारा, हे कुणीतरी शिकवावं लागतं. ते न शिकल्यामुळे आपल्या गल्लीगल्लीत उत्साहाने सुरू झालेली दुकानं वर्षभरात बंद होतात, आणि मग आपणच म्हणतो, मराठी माणसाला धंदा जमत नाही.

कायद्याचंही तसंच. या मुलांना १८७२चा करार कायदा असतो, चेक न वटल्यावर लागणारं कलम १३८ असतं, जीएसटी असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६चा कायदाही त्यांना समजावून सांगता येतो. अंबडच्या किंवा भोसरीच्या एमआयडीसीतला छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. वहीत नफा दिसत असतो, आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात, कारण कंपनीने नव्वद दिवस झाले तरी बिल दिलेलं नसतं. त्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. आपल्या किती लघुउद्योजकांना हे कारखाना काढायच्या आधी माहीत होतं? विसाव्या वर्षी एखाद्या मुलाला ते माहीत असलं, तर त्याला आपण टाइमपास कोर्स केलेला म्हणणार का?

आता धीरूभाई. हे नाव प्रत्येक वादात येतं, म्हणून त्याचं उत्तर पूर्ण द्यायला हवं. धीरूभाई अंबानी कॉलेजात गेले नाहीत हे खरं. पण ते तरुणपणी एडनला ए. बेसी अँड कंपनी या व्यापारी पेढीत नोकरीला होते आणि तिथे बाजार शिकले, हे सांगायला आपण विसरतो. त्याहून महत्त्वाचं हे की त्यांनी स्वतःच्या मुलांच्या बाबतीत काय केलं? मुकेश केमिकल इंजिनिअरिंग करून स्टॅनफर्डला एमबीएला गेले, ते अर्धवट सोडून वडिलांच्या कामाला लागले. अनिल यांनी व्हॉर्टनमधून एमबीए पूर्ण केलं. धंदा रक्तात असतो यावर धीरूभाईंचा विश्वास असता, तर मुलांना समुद्रापार बिझनेस स्कूलला पाठवायचं कारणच काय होतं? आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी करणारा हा माणूस. त्यांनी मुलाला, शंतनुरावांना, थेट अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. तिथे शंतनुराव इंजिनिअरिंग शिकले, मॅनेजमेंट नव्हे, हे मान्य. पण स्वतः अनुभवातून घडलेल्या या माणसांनी पुढच्या पिढीला नुसत्या अनुभवावर सोडलं नाही. त्यांची नावं घेऊन आपण मात्र दुसऱ्यांच्या मुलांना शिक्षण अनावश्यक असल्याचं सांगतो.

अठरा वर्षांचं पोर कुणाला मॅनेज करणार, हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. अठराव्या वर्षी ते पोर मतदान करतं, स्वतःच्या सहीने करार करू शकतं. त्याच वयाची मुलं मेडिकलला जातात आणि पहिल्या वर्षी प्रेताचं विच्छेदन करतात. बारावीनंतर पाच वर्षांचं कायद्याचं शिक्षण बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने १९८८मध्ये सुरू केलं, आणि आज अठरा वर्षांच्या मुलाला कायदा काय कळणार असं म्हणायला कुणी धजावत नाही. मग हिशेब, बाजार आणि माणसांचं वागणं एवढंच कसं त्याच्या डोक्यावरून जातं? या प्रश्नामागे एक चुकीची समजूत आहे. मॅनेजमेंट म्हणजे केबिनमध्ये बसून दहा जणांना हुकूम सोडणं, असं आपल्याला वाटतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला आम्ही हुकूम सोडायला शिकवत नाही. ताळेबंद वाचायला शिकवतो, सरासरीने फसू नकोस हे संख्याशास्त्रात शिकवतो, मागणी कशाने वाढते आणि कशाने पडते हे अर्थशास्त्रात शिकवतो. हे शिकायला केस पिकण्याची वाट पाहायची काय गरज?

आणि हे आधी इंजिनिअरिंग, मग एमबीए प्रकरण. आपल्याला तो जगाचा नियम वाटतो. जगात क्रम उलटा होता. अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठीय बिझनेस स्कूल, व्हॉर्टन, १८८१मध्ये निघालं ते पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. हार्वर्डने एमबीए सुरू केलं १९०८मध्ये, म्हणजे पाव शतकाहून जास्त काळानंतर. वॉरन बफे यांनी नेब्रास्का विद्यापीठातून घेतलेली पहिली पदवी बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनचीच होती. आपल्याकडे मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३मध्ये निघालं, तेव्हा व्यापाराचं शिक्षण पदवीपासून द्यावं हे इथेही लोकांना पटलेलं होतं. नंतर आयआयएम आल्या, त्यात इंजिनिअरांची गर्दी झाली आणि तोच एकमेव रस्ता आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. आता खुद्द आयआयएम इंदूरने २०११पासून बारावीच्या मुलांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवला आहे, २०१९मध्ये रोहतक त्या वाटेने गेलं. आयआयएम बारावीच्या मुलाला मॅनेजमेंट शिकवते तेव्हा ती दूरदृष्टी, आणि डोंबिवलीचं कॉलेज शिकवतं तेव्हा तो टाइमपास, हा कुठला न्याय? ज्या मुलाला मशीनमध्ये रस नाही, त्याने चार वर्षं मशीन शिकून मग ते विसरायचं, यात त्याचं आणि देशाचं काय भलं होतं?

बीकॉम आहेच की, या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. बीकॉम चांगली पदवी आहे आणि ज्याला सीएच व्हायचं आहे त्याने ती जरूर करावी. पण तिचा भर हिशेब लिहिण्यावर आहे. माल कुणाला, कुठल्या भावाला, कसा विकायचा आणि माणसं कशी टिकवायची, यासाठी वेगळा अभ्यास लागतो. तो या पदवीत आहे.

राहिले फेस्ट आणि ब्लॅक बुक. आमच्या मुलांची सगळ्यात जास्त चेष्टा याच दोन गोष्टींवरून होते. फेस्टसाठी मुलं स्पॉन्सरशिप आणायला बाहेर पडतात. कोचिंग क्लास, जिम, मोबाइलचं दुकान, केक शॉप असं दारोदार फिरतात. पहिल्या आठवड्यात नकारच मिळतात. मालक विचारतो, माझं पोस्टर लावून मला काय मिळणार? मराठी शाळेतून आलेली, घरी मोठ्यांसमोर तोंड न उघडणारी मुलगी त्या प्रश्नाला अडखळत उत्तर देते, दुसऱ्या दुकानात जरा बरं देते, दहाव्या दुकानात ठाम देते. किती मुलं येतील, त्यातली किती तुमच्या एरियात राहतात, स्टॉल कुठे मिळेल, हे ती कागदावर लिहून नेते. विकायला शिकण्याची दुसरी कुठली पद्धत असते, ते मला कुणीतरी सांगावं. आपल्या घरांत पैसे मागणं आणि वस्तू विकणं या दोन्ही गोष्टींची लाज लहानपणापासून मनात भरलेली असते. ती लाज जायला एक फेस्ट पुरतो. शेवटच्या सत्रातलं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्ट, हेही नीट करून घेतलं तर मुलाला प्रत्यक्ष बाजारात नेऊन उभं करतं. नेटवरून उतरवून, बाइंडिंग करून दिलेलं ब्लॅक बुक मीही पाहिलं आहे आणि परत पाठवलं आहे. ते स्वीकारणारे शिक्षक आणि कॉलेजं दोषी आहेत, विषय नाही.

इथे एक गोष्ट मान्य करते, एकच. वाईट कॉलेजं आहेत आणि ती पुष्कळ आहेत. मुंबई विद्यापीठात १९९९च्या सुमारास बीएमएस सुरू झालं ते स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम म्हणून. सरकारने पगाराची जबाबदारी घेतली नाही. फीवरच सगळं चालवायचं. त्यातून तासिका तत्त्वावरचे शिक्षक आले, जे सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावतात, वर्षअखेरीला नेमणूक संपते आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करतात. अशा माणसाने मुलांची ब्लॅक बुकं बारकाईने कधी वाचायची? फी भरपूर घ्यायची आणि शिक्षक नेमायचा नाही, हे ज्या संस्थाचालकांनी केलं त्यांच्याविषयी माझ्या मनात कसलीही सहानुभूती नाही. पण लोकांची तक्रार त्यांच्याकडे जातच नाही. ती जाते मुलांकडे. संस्था वाईट चालवली म्हणून विषय टाकाऊ ठरवायचा असेल, तर राज्यातल्या किती इंजिनिअरिंग कॉलेजांवरून इंजिनिअरिंग टाकाऊ ठरेल, याचा विचार करा.

२०२४मध्ये जे झालं त्याने हे मत आणखी पक्कं केलं, म्हणून त्याचाही समाचार घेते. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए आपल्या कक्षेत घेतले. राज्यात या अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली. जागा लाखाच्या घरात होत्या आणि पहिल्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी त्याच्या निम्म्याच्या आसपास. पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्या. लगेच लोक म्हणाले, बघा, कुणालाच नको आहे हा कोर्स. खरंच तसं होतं का? त्याआधी वर्षानुवर्षं बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश होत असे. गावातल्या, वस्तीतल्या किती मुलांपर्यंत सीईटीची बातमी अर्जाची मुदत संपायच्या आत पोचली? दुसरीकडे कित्येक कॉलेजांनी एआयसीटीईचे नियम आणि सीईटी टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचं नाव बदलून बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज असं केलं आणि मुलं तिथे गेली. मुलांनी विषय सोडला नव्हता. संस्थांनी पाटी बदलली होती. रिकाम्या जागांचा तो आकडा नियोजनाच्या गोंधळाचा होता. तो मुलांच्या नावावर मांडणं हा खोटेपणा आहे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते हे की या मताची किंमत ठरावीक घरांनाच मोजावी लागते. पेढीवाल्याच्या मुलाने ही पदवी घेतली नाही तरी त्याचं अडत नाही. त्याचं शिक्षण घरी झालेलं असतं. श्रीमंताचा मुलगा ती परदेशात जाऊन घेतो आणि तेव्हा त्याच पदवीचं कौतुक होतं. अडतं ते पोळी-भाजी केंद्रवालीच्या मुलीचं, रिक्षावाल्याच्या मुलाचं, कारकुनाच्या घरातल्या त्या मुलाचं, ज्याला गिरणी बंद पडल्यावर आजोबांचं काय झालं हे माहीत आहे आणि म्हणून स्वतःचं काहीतरी उभं करायचं आहे. त्याला हिशेब, कायदा, बाजार आणि विक्री अठराव्या वर्षापासून शिकता येईल अशी ही एक जागा आहे. ती आहे म्हणून मी शिकवते. ती नको म्हणणाऱ्यांनी त्या मुलाला दुसरी कुठली जागा देऊ केली आहे?

पालकांना माझी विनंती आहे. बीएमएस-बीबीए करावं का, हे नातेवाइकांना विचारू नका. कॉलेजात जा आणि तिथे विचारा. कॉस्टिंगला आणि कायद्याला पूर्णवेळ शिक्षक आहे का? मागच्या वर्षीची पाच ब्लॅक बुकं दाखवा म्हणा. इंटर्नशिपला मुलं कुठे गेली आणि तिथे त्यांनी काय काम केलं, ते विचारा. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला थांबवून साध्या दुकानाचा ब्रेक-इव्हन काढायला सांगा. उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरं कॉलेज बघा. मिळाली, तर मुलीला तिथेच घाला, आणि टक्के कमी पडले का असं विचारणाऱ्याला तिने पहिल्या सत्रात केलेली हिशेबाची वही दाखवा.